दिव्याला उदाची धुरी

म्विंजेनी बेटावरच्या दीपगृहाला एकशे अकरा पायऱ्या आहेत असं सरकारी कागदात लिहिलेलं आहे. सिलिमा फकीच्या मते त्या एकशे बारा आहेत, आणि सत्तावीस वर्षं ज्याने त्या रोज चढून-उतरून मोजल्या त्या माणसाशी सरकारने उगाच वाद घालू नये.

सिलिमा तिथला बत्तीवाला. उंच, वाळका, हनुवटीला पांढऱ्या दाढीचा एवढासा झुबका. गावात तो चांगला माणूस म्हणून प्रसिद्ध होता, आणि त्याहून जास्त प्रसिद्ध होता तो फुशारकीसाठी. फुशारकी स्वतःची नाही हं, भिंगाची. वर दिव्याभोवती माणसाच्या उंचीचं काचेचं भिंग होतं, दोनशे चौऱ्याहत्तर तुकड्यांचं, पितळेच्या चौकटीत बसवलेलं. आत रॉकेलची बत्ती जळायची, बाहेर भिंग फिरायचं आणि उजेडाचा पट्टा समुद्रावरून सरकत जायचा. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला सिलिमा बेटाच्या दुसऱ्या टोकाला, गावातल्या मशिदीत जायचा, आणि नंतर ओट्यावर आल्याची कॉफी पिता पिता सांगायचा, "माझ्या काचेला डाग म्हणून लागत नाही. कोरडं फडकं फिरवतो, बस. हात असावा लागतो."

त्याची बायको जोखा मात्र भिंगाला सवत म्हणायची. कुणी बाई भेटायला आली की ही तोंडावर कांग्याचा, म्हणजे अंगावरच्या छापील कापडाचा, पदर धरून हसत सांगे, "माझी सवत वर राहते. मोठ्या घरची आहे. दिवसभर पडद्यात असते आणि सूर्य बुडाला की नटून बसते." पडद्याची गोष्ट खरीच होती. दिवसा उन्हात भिंग उघडं ठेवलं तर आग लागेल, म्हणून सकाळी चहूबाजूंनी जाड पडदे ओढायचे, असा नियमच होता.

या सवतीचे लाडही जोखानेच सुरू केले. पहिल्याच वर्षी ती संध्याकाळी निखाऱ्यावर ऊद घालून वर घेऊन आली. सिलिमा म्हणाला, "हे काय?"

"पाहुणा आलाय ना घरी? रोज सूर्य बुडताना येतो आणि उजाडताना जातो. पाहुण्याला ऊद न दाखवता बसवायचं असतं का?"

सिलिमाने ऊददाणी ठेवायला जागा करून दिली. तेव्हापासून रोज आधी ऊद, मग दिवा. तीन वर्षांपूर्वी जोखा गेली. दीपगृहामागे सुरूच्या झाडांखाली तिला पुरलं. सिलिमाने त्याच संध्याकाळी रडत रडत ऊद वर नेला आणि पुढे एकही दिवस चुकवला नाही. उलट वाढवलाच. जोखा चिमूटभर घालायची, हा मूठ घालायचा. प्रेमात माणसाचा हात सैल सुटतो.

तर अशी सगळी घडी नीट बसलेली असताना एका मंगळवारी लवंगांच्या गलबताचा नाखवा पत्र घेऊन आला. पत्र चिकटवलेलं होतं, पण आमच्या नाखव्याला चिकटवलेली पत्रंही वाचता येतात. त्यामुळे ते सिलिमाच्या हातात पडेपर्यंत मजकूर अख्ख्या किनाऱ्याला पाठ झाला होता. दोन जहाजांच्या कप्तानांनी तक्रार केली होती. म्विंजेनीची बत्ती सोळा मैलांवरून दिसायला हवी, ती सात मैलांवर आल्याशिवाय दिसत नाही. शनिवारी ब्वाना तेमू नावाचे साहेब तपासणीला येतील. बत्तीवाल्याला काम झेपत नसेल तर त्याला निवृत्त करून आपोआप पेटणारा गॅसचा दिवा बसवण्यात येईल, आणि दीपगृहाला व लगतच्या घराला कुलूप लावण्यात येईल.

सिलिमाने पत्र दोनदा वाचलं. त्याचं वय एकोणसाठ. मुलंबाळं नाहीत. दुसरं घर म्हणाल तर मोठ्या बेटावर पुतण्याकडे एक कोपरा, तोही पुतण्याच्या बायकोची मर्जी असेल तर. आणि जोखा इथे, सुरूंखाली. तो पत्राची घडी घालत नाखव्याला एवढंच म्हणाला, "कप्तान झोपेत जहाज हाकतात, त्याला मी काय करू?"

बुधवारी सकाळीच मिझे आली. ही सिलिमाच्या मामाची मुलगी. वाळवलेला ऑक्टोपस विकायची, आणि तिची जीभ वाळवल्यावरही वळवळली असती. मामे-आतेभावंडांत आमच्याकडे उटानी चालते, म्हणजे थट्टेचा हक्क. तिने त्याला वाटेल ते बोलावं, त्याने राग धरायचा नाही. धरला तर एक कोंबडं दंड. आजवर सिलिमाची अकरा कोंबडी मिझेच्या पातेल्यात गेली होती.

"काय रे, सरकार तुझा काडीमोड करायला निघालंय म्हणे?" तिने अंगणातूनच सुरुवात केली.

"तुला काम नाही का आज?"

"आहे ना. तुझं सामान गॅसवाल्याला विकायचंय. ती खाट किती वर्षांची?"

"मिझे, भिंग आरशासारखं आहे. चूक कप्तानांची आहे."

"मग दाखव."

"काय दाखव?"

"सवत दाखव. पन्नास वर्षं या बेटावर आहे मी, जोखा सोडून कुठल्या बाईला तू वर चढू दिलंस? की तिथे आणखी कुणी ठेवलीयस?"

सिलिमाने दाढी खाजवली. कोंबड्याचा विचार केला. मग किल्ली घेतली.

मिझे प्रत्येक वळणावर थांबत, दम खात, पायऱ्या बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वर पोचली. सिलिमाने एका बाजूचा पडदा अभिमानाने सरकवला. भिंग खरंच चकाकत होतं. मिझे त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. थांबली. मग तिने बोटाला थुंकी लावली आणि सिलिमा "अगं, अगं" म्हणेपर्यंत एका काचेवरून जोरात ओढलं.

बोट तपकिरी झालं. काचेवर जिथून बोट फिरलं तिथे पाण्यासारखी स्वच्छ रेघ उमटली, आणि त्या रेघेमुळे आजूबाजूचं सगळं भिंग जुन्या तुपाच्या रंगाचं दिसायला लागलं.

मिझेने बोट नाकाशी नेलं. "हे तर नवरीच्या खोलीसारखं घमघमतंय."

सिलिमा त्या रेघेकडे बघत राहिला. उदाचा चीक. तीन वर्षांचा. धूर रोज काचेवर बसायचा आणि रोज सकाळी तो कोरड्या फडक्याने घासून घासून त्यालाच चकाकी आणायचा. काच पुसतोय असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात तो उदाला पॉलिश करत होता.

"पण सत्तावीस वर्षं ऊद घालतोय आम्ही," तो म्हणाला. "आधी कधी काही झालं नाही."

मिझे काही बोलली नाही. तिला न बोलणं जमत नाही हे ठाऊक असल्याने सिलिमाने मान वर करून पाहिलं. ती भलतीकडेच बघत होती.

"सिलिमा, तुमच्या घरी लिंबाचं लोणचं किती खायचे रे?"

"लोणचं? लोणचं कधी नसायचंच. जोखाला आंबट चालत नव्हतं."

"दर गुरुवारी माझ्या झाडाची तीस लिंबं न्यायची ती. चोवीस वर्षं. एकदा तरी वाटीभर लोणचं आणून दे म्हटलं तर हसायची नुसती. मी मनात म्हटलं, चिक्कू आहे बाई." मिझेने बोट कांग्याला पुसलं. "शुक्रवारी सकाळी तू काय करायचास?"

"रात्रभर जागा असायचो, मग झोपायचो. उठून नमाजाला गावात. परत यायला अस्र व्हायची, ऊन उतरायचं."

"हं. म्हणजे तू नमाजाला गेलास की ती सवतीला न्हाऊ घालायची."

सिलिमा पायरीवर बसला. शुक्रवारी परत आल्यावर वरच्या खोलीची जमीन ओलसर असायची, हे त्याला आत्ता आठवलं. जोखा म्हणायची, जरा झाडलं-पुसलं. आणि तो खाली कॉफीच्या ओट्यावर काय काय बोलून आलेला असायचा.

"मला सांगितलं का नाही तिने?"

"तू आनंदाने फुशारकी मारायचास ना, ती मोडायची नसेल तिला. मी असते तर पहिल्याच शुक्रवारी ढोल वाजवला असता." हे बोलताना मिझेचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

 मग सिलिमाने हिशेब मांडला. लिंबं मिळतील. पण लिंबानंतर काच गोड्या पाण्याने धुवावी लागते. विहिरीचं पाणी मचूळ, वाळलं की काचेवर मिठाची नक्षी. उत्तरेचा वारा सुटून दोन महिने झाले होते, पावसाला आणखी महिना तरी होता, आणि त्याच्या टाकीत दोन बादल्या शिल्लक होत्या. भिंगाला चाळीस हंडे तरी लागणार.

"गावाकडे माग," मिझे म्हणाली.

"नाही. त्यांनाही महिना काढायचाय. पोराबाळांच्या तोंडचं पाणी काढून काच धुऊ? जाईन मी पुतण्याकडे."

"बरं," मिझे म्हणाली आणि उठली. इतक्या पटकन ती कधी कबूल होत नसे. सिलिमाने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी दिवा विझवून तो पडदे ओढत होता. वरून त्याला सुरूच्या झाडीतून येणारी रांग दिसली. बायका. प्रत्येकीच्या डोक्यावर हंडा. गावात चाळीस घरं आहेत आणि हंडे एकेचाळीस होते, कारण मिझेने दोन आणायला लावले होते, एक सुनेच्या डोक्यावर.

सिलिमा धावत खाली आला आणि दारात आडवा उभा राहिला. "परत न्या. मी मागितलेलं नाही."

सगळ्यात पुढे बिबी तिमे होती, गावातली सगळ्यात म्हातारी. तिच्या हंड्यात अर्धंच पाणी होतं, कारण त्याहून जास्त तिला उचलवत नव्हतं. "म्झे सिलिमा," वडीलधाऱ्याला मारायची हाक मारून ती म्हणाली, "माझी तीन मुलं अंधारात खडक चुकवून घरी आली ती काय तुझं तोंड बघून आली? दिवा बघून आली. बाजूला हो, मान दुखतेय."

"पण बिबी, प्यायचं पाणी आहे हे."

"मग पितेय तुझी सवत. तिला तहान लागलीय तीन वर्षांची."

मागून कुणीतरी म्हणालं, "नवऱ्यामुलाला बाहेर काढा आधी, नवरीला न्हाणं घालायचंय." हशा उसळला आणि सिलिमा बाजूला झाला. होणार नाही तर काय करणार? एकेचाळीस हंड्यांपुढे एकटा बत्तीवाला.

दोन दिवस त्या दीपगृहात जो गोंधळ चालला तो त्या भिंतींनी जन्मात ऐकला नसेल. बायकांनी भिंगाला नवरीसारखी उटण्याची गाणी म्हटली. लिंबाची फोड घासायची, क्षणभर थांबायचं, ओल्या कापडाने चीक उतरवायचा, मग गोडं पाणी, मग कोरडं मऊ फडकं. सिलिमा सांगत होता, "वरून खाली पुसा. कोपऱ्यात नख लावू नका." आणि त्या म्हणत होत्या, "आम्ही दहा दहा पोरं धुतली आहेत, तू एक तरी धुतलंस का?" गुरुवारी रात्री अर्धं भिंग स्वच्छ आणि अर्धं तपकिरी अशा अवस्थेत दिवा लागला. शुक्रवारी बायकांनी त्याला नमाजाला हाकलून दिलं. म्हणाल्या, "जा, नेहमीसारखा. आज आम्ही जोखा."

सिलिमा परत आला तेव्हा धक्क्याला सरकारी लाँच बांधलेली होती. साहेब एक दिवस आधीच आले होते, भरती सोयीची होती म्हणून. सिलिमा धावतच वर गेला. आज मात्र त्याला पायऱ्या मोजायचं भान राहिलं नाही. वर दारात काळे चकचकीत बूट काढून ठेवलेले होते. आत ब्वाना तेमू, मुख्य भूमीवरच्या डोंगराळ मुलुखातला जाडजूड माणूस, बाह्या दुमडून, लिंबाची फोड हातात धरून एक काच घासत होता, आणि मिझे त्याला सांगत होती, "जोर लावा जरा. सरकारी पगार खाता ना?"

नंतर कळलं ते असं. साहेबाने विचारलं होतं, बत्तीवाला कुठे आहे. मिझेने विचारलं होतं, पाणी आणलंत का. तो नाही म्हणाला, तेव्हा तिने त्याला बूट काढायला लावून लिंबू दिलं होतं.

साहेबाने सिलिमाकडे पाहिलं आणि हात पुसले. "म्झे, हे भिंग कशाने एवढं खराब झालं?"

सिलिमाने तोंड उघडायच्या आत बायका धावून आल्या. एक म्हणाली, समुद्राची वाफ. दुसरी म्हणाली, कावळे. तिसरीने देवमाशाच्या उच्छ्वासाचं नाव घेतलं, आणि तिच्याकडे सगळ्यांनी इतकं पाहिलं की ती गप्पच बसली.

"ऊद, ब्वाना," सिलिमा म्हणाला. "माझा. तीन वर्षं रोज." आणि मग त्याने सगळं सांगितलं, पाहुण्याचं, मूठभर उदाचं, कोरड्या फडक्याचं, लिंबांचं, शुक्रवारचं. सांगताना तो साहेबाकडे बघत नव्हता, भिंगाकडे बघत होता. मिझे खिडकीतून समुद्र न्याहाळत होती आणि नाक ओढत होती. लिंबाचा वास चढला, असं तिने नंतर सांगितलं.

साहेबाने दुमडलेल्या बाह्या सरळ केल्या. "मी गोष्टी लिहून नेत नाही, म्झे. मैल लिहून नेतो. माझी लाँच अस्रनंतर निघेल. दहा मैलांवर दिवा दिसला तर माझा कप्तान हिरव्या उजेडाचा बार उडवेल. सोळावर दिसला तर लाल. लाल दिसला तर साठीच्या पुढेही पाच वर्षं तुम्ही इथेच. नाही दिसला तर कुलूप. चालेल?"

"आमचे लोक जातात ना होड्या घेऊन," खालून आलेला एक कोळी म्हणाला. "उगाच सरकारी डिझेल कशाला जाळता?"

"नको," सिलिमा म्हणाला. "आमचे लोक मस्कतला पोचले तरी दिवा दिसतोय म्हणून सांगतील. यांचाच कप्तान जाऊ दे. आणि मिझे, निघण्याआधी त्याला काही खायला घालू नकोस."

शेवटची काच सूर्य बुडायच्या, मगरिबच्या थोडं आधी कोरडी झाली. हंड्यांपैकी दोन उरले होते, ते बिबी तिमेच्या घरी परत गेले. सिलिमाने सवयीने निखारे पेटवले, ऊददाणी उचलली आणि पायऱ्यांपाशी थांबला. मग त्याने ती खालच्याच पायरीवर ठेवली, उंबऱ्याच्या आत, आणि रिकाम्या हातांनी वर गेला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने दिवा नुसता लावला.

भिंग फिरायला लागलं. उजेड इतका लख्ख पडला की खाली वाळूत बसलेल्या बायकांनी डोळ्यांपुढे हात धरले आणि मग एकमेकींना कोपरं मारली.

वर गॅलरीत साहेब, सिलिमा आणि मिझे. साहेबाच्या हातात घड्याळ. अंधार दाटला. बऱ्याच वेळाने दूरवर हिरवा ठिपका वर चढला आणि विझला. खालून आनंदाचा गलका आला. सिलिमा कठडा धरून उभा होता.

"दहा तर झाले," मिझे म्हणाली. "सरकारच्या दृष्टीने तू आता अर्ध्याच्या वर नवरा आहेस."

पुढचा तास मात्र तिलाही काही सुचलं नाही. साहेबाने दोनदा घड्याळ पाहिलं. पाऊण तास. पन्नास मिनिटं. सिलिमा ओठ न हलवता काहीतरी म्हणत होता, प्रार्थना असेल किंवा पुतण्याच्या बायकोचा स्वभाव आठवत असेल. मग क्षितिजावर, पाणी कुठे संपतं ते कळू नये अशा जागी, डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल ठिपका उगवला. कितीतरी वेळ लटकला आणि खाली गेला.

साहेबाने वही काढली. दिव्याच्या मागच्या उजेडात लिहिलं, सोळा मैल. खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, भिंग दर शुक्रवारी लिंबू व गोड्या पाण्याने धुवावे. दिव्याच्या खोलीत धूप करू नये.

"ब्वाना," सिलिमाने विचारलं, "तिथे ती रीत कुणाची ते लिहिता येईल?"

साहेबाने रकाना पाहिला. "नावाला जागा नाही, म्झे."

"बरं," सिलिमा म्हणाला. "ते मी बघतो."

आणि त्याने बघितलं. पाऊस यायच्या आत चाळीस घरी जाऊन यायचं असं त्याने ठरवलं. दुपारी झोप मोडून रोज चार घरं. प्रत्येक घरात बसायचं, कॉफी घ्यायची, हलव्याचा तुकडा खायचा आणि सांगायचं, "चोवीस वर्षं माझं भिंग जोखा धुवत होती. मला ठाऊक नव्हतं. यंदा तुम्ही धुतलंत, ते ठाऊक आहे." एवढंच. आमच्याकडे घरी आलेल्याला न खाता उठू देत नाहीत, त्यामुळे दहा दिवसांत तो इतका फुगला की जिन्यातून वळताना त्रास व्हायला लागला. बिबी तिमेने तर त्याला दोन वेळा बोलावून तीच गोष्ट पुन्हा ऐकली. पहिल्या वेळी नीट ऐकू आली नाही म्हणाली.

मिझेचं घर त्याने शेवटी ठेवलं. उटानीत आभार बसत नाहीत, ही अडचण. थट्टा करता येते, शिवी देता येते, मयताला एकमेकांच्या घरी धिंगाणा घालता येतो. पण तोंडासमोर उपकार मानले तर नातंच बिघडल्यासारखं होतं.

ती अंगणात दोरीवर ऑक्टोपस टांगत होती. "आलास? माझं घर दिव्यावरून दिसत नव्हतं का?"

"तुझ्या नखांनी तीन काचा खरवडल्या आहेत," सिलिमा म्हणाला. "मोजून आलोय."

"तीनच? मी पाच धरल्या होत्या. बस."

तिने नारळाच्या दुधात शिजवलेला नीरफणस वाढला. तो मांडी घालून बसला. दोन घास खाल्ले. मग ताटाकडे बघतच म्हणाला, "मिझे, त्या दिवशी तू वर चढून आली नसतीस, तर..."

"तर तीन दिवस माझा माल उन्हात करपला नसता. खा."

सिलिमाने मान हलवली. ताट पुसून खाल्लं, आणि न विचारता पुढे केलं. मिझेनेही न बोलता वाढलं, चांगलं काठोकाठ.